उड्या कोळी : शेतांतील त्याची ओळख व सूक्ष्म छायाचित्र घेण्याची रीत

शेतीच्या नफ्यातोट्याचा विचार करतांना आपण बी, खत, पाणी, मजुरी व औषधफवारणी या बाबींचा हिशेब मांडतों. परंतु एक पैसाही मजुरी न घेतां पिकाची राखण करणारा एक वर्ग आपल्या खातेवहींत कोठेंच येत नाहीं. तो वर्ग कोळ्यांचा. स्वित्झर्लंडमधील न्यूफेलर व त्यांचे सहकारी बिर्कहोफर यांनीं सन २०१७ मध्यें केलेल्या अंदाजाप्रमाणें जगांतील सर्व कोळी मिळून दरसाल ४० ते ८० कोटी टन शिकार फस्त करितात, व या शिकारींत मुख्य भरणा कीटकांचा असतो. अशा या वर्गांतील एका कुळाची माहिती, व तें ओळखण्यासाठीं त्याचें छायाचित्र कसें घ्यावें याची रीत, प्रस्तुत लेखांत देण्याचें योजिलें आहे.

हें कूळ म्हणजे जाळें न विणतां उडी मारून शिकार धरणाऱ्या कोळ्यांचें. शास्त्रज्ञ यास ‘साल्टिसिडी’ म्हणतात; आम्ही पुढें सोयीसाठीं ‘उड्या कोळी’ असें म्हणूं. जगांत याच्या ६,००० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या असून कोळ्यांच्या सर्व कुळांत हें कूळ सर्वांत मोठें आहे. भिंतीवर माशीच्या मागें दबकत जाणारा, आपण बोट पुढें केलें असतां वळून बोटाकडे टक लावून पाहणारा लहानसा केसाळ कोळी प्रत्येकानें पाहिला असेल. तोच हा.

ही ओळख कां हवी.— शेतकऱ्यास शत्रु व मित्र यांतील भेद कळला नाहीं तर तो मित्राच्या नाशासाठीं पैसे खर्च करितो. आमच्या पाहण्यांतील एक उदाहरण सांगतों. एका कपाशीच्या शेतांत पानांच्या दुमडींत पांढऱ्या रेशमी पिशव्या आढळल्या. मालकानें त्या कोणा अळीचे कोश समजून, एका दुकानदाराच्या सल्ल्यानें, दोन जहाल औषधें एकत्र करून फवारलीं. पिशव्या रिकाम्या झाल्या. पण तीन आठवड्यांच्या आंत तुडतुडे पूर्वीहून अधिक झाले व फवारा पुन्हां घ्यावा लागला. एखादी पिशवी उघडून पाहिली असती तर आंत अंड्यांवर बसलेली उड्या कोळ्याची मादी दिसली असती.

असें होण्याचें कारण समजण्यास कठीण नाहीं. तुडतुड्याची मादी आपलीं अंडीं पानाच्या शिरेच्या आंत घालते. वरून पडणाऱ्या पुष्कळशा औषधांचा त्यांवर फारसा परिणाम होत नाहीं. कोळी मात्र उघड्या पानावर फिरत असल्यानें तो सांपडतो व मरतो. पुढें अंडीं फुटून पिलें बाहेर येतात तेव्हां त्यांस खाणारा कोणी उरलेला नसतो. तुडतुड्याची पिढी थोड्या आठवड्यांत पुरी होते. कोळ्याची पिढी वाढण्यास पुष्कळ अधिक काळ लागतो. म्हणजे शर्यतींत शत्रु पुढें व मित्र मागें अशी स्थिति होते. भातावरील तपकिरी तुडतुड्यांच्या बाबतींत हाच प्रकार इंडोनेशियांत देशव्यापी प्रमाणावर झाला, व अखेर सन १९८६ मध्यें तेथील सरकारास भातपिकावर ५७ कीटकनाशकें वापरण्यास बंदी करावी लागली.

शरीररचना व डोळे.— कोळी हा कीटक नव्हे. कीटकास सहा पाय; कोळ्यास आठ. कीटकाच्या शरीराचे तीन भाग. कोळ्याचे दोन— पुढील शिरोवक्ष व मागील उदर. तोंडाशीं दोन जबडे व त्यांच्या बाजूंस दोन आंखूड हातांसारखे अवयव असतात. या अवयवांस आपण ‘स्पर्शपाद’ म्हणूं. यांचें महत्त्व पुढें येईल.

उड्या कोळ्याची बिनचूक खूण त्याच्या डोळ्यांत आहे. डोळे आठ असतात. अगदीं समोर, गाडीच्या दिव्यांप्रमाणें, दोन मोठे गोल डोळे. त्यांच्या दोन्ही बाजूंस दोन मध्यम. त्यामागें दोन इतके बारीक कीं भिंगावांचून दिसत नाहींत. व त्यामागें आणखी दोन. समोरचे दोन डोळे बारीक पाहण्याचें काम करितात, व बाजूचे डोळे कोठें कांहीं हाललें कीं सूचना देतात. समोरचा डोळा आंतून लांब नळीसारखा असून तिच्या टोंकाचा पडदा कोळ्यास आंतल्या आंत हलवितां येतो. मायकेल लँड यांनीं सन १९६९ मध्यें या पडद्याच्या हालचालींचें वर्णन प्रसिद्ध केलें. म्हणूनच या कोळ्याच्या मोठ्या डोळ्यांत पाहिलें असतां एका क्षणीं ते काळेभोर व दुसऱ्या क्षणीं पिंगट दिसतात.

भक्ष्य किती अंतरावर आहे हें त्यास कसें कळतें, याचा शोध जपानांतील नागाता व इतर संशोधकांनीं सन २०१२ मध्यें प्रसिद्ध केला. त्याच्या पडद्यास एकाखालीं एक असे थर आहेत. एका थरावर चित्र स्पष्ट उमटतें तेव्हां दुसऱ्यावर तेंच अस्पष्ट उमटतें, व या अस्पष्टपणाच्या प्रमाणावरून तो अंतर ठरवितो. हिरव्या उजेडांत त्याची उडी बरोबर पडली. केवळ तांबड्या उजेडांत ती आंखूड पडली. पुढें छायाचित्राच्या प्रकरणांत वाचकांस हाच स्पष्ट-अस्पष्टपणाचा प्रश्न भेटेल.

उडी मारण्यासाठीं त्यास टोळासारख्या जाड मांड्या नसतात. शरीरांतील द्रवाचा दाब एकाएकीं वाढवून तो मागील पाय सरळ करितो, व त्या झटक्यानें अंग पुढें फेंकलें जातें. उडीपूर्वीं तो रेशमी धागा पायाखालच्या जागेस चिकटवितो. नेम चुकला तर त्या धाग्यावर लोंबकळून पुन्हां वर येतो. रेशीम त्यास जाळ्यासाठीं लागत नाहीं. या धाग्यासाठीं व रात्रीं निजण्याच्या आणि अंडीं घालण्याच्या पिशवीसाठीं लागतें.

सारख्या दिसणाऱ्या इतर कोळ्यांपासून भेद.— पिकांत भटकणारे आणखी तीन प्रकारचे कोळी वारंवार भेटतात. पहिला भुईवर वेगानें धांवणारा, ज्यास इंग्रजींत लांडग्याचें नांव आहे. याच्या डोळ्यांची खालची ओळ चार बारीक डोळ्यांची असते व वरचे दोन मोठे असतात. मादी अंड्यांची पिशवी शेपटाकडे चिकटवून व पुढें पिलें पाठीवर घेऊन फिरते. भाताच्या बांधींत हा फार उपयोगी आहे. दुसरा, पायांवर लांब कांटे असलेला व उदर मागें निमुळतें झालेला. हाही उडी मारितो, त्यामुळें घोंटाळा होतो. परंतु याचे डोळे डोक्यावर षट्कोनी मांडणींत असतात, समोर दिव्यांसारखे नसतात. तिसरा फुलांत दबा धरून बसणारा, खेंकड्याप्रमाणें पुढील पाय बाजूस पसरणारा. हे तिघेही मित्रच आहेत; परंतु नोंद करावयाची तर भेद माहीत असावा.

नेहमींच्या कांहीं जाती.— घराच्या व गोठ्याच्या भिंतीवर ‘प्लेक्सिपस पायकुली’ ही जात सामान्य आहे. लांबी सुमारें १० मिलिमीटर. नर काळा असून पाठीवरून पांढरा पट्टा जातो व उदराच्या मागील भागीं दोन पांढरे ठिपके असतात. मादी तपकिरी व फिकट पट्ट्याची. तेथेंच ‘मेनेमेरस बायव्हिटाटस’ हा राखी रंगाचा, अंगानें चपटा व पांढुरक्या केसांचा कोळी माशा धरतांना दिसतो. ‘हासारियस अदान्सोनी’ याचा नर गडद रंगाचा, उदराच्या पुढील कडेस पांढरी चंद्रकोर असलेला. अंतराच्या ज्या प्रयोगाचा वर उल्लेख केला तो याच जातीवर झाला.

झाडाझुडुपांवर ‘टेलामोनिया डिमिडिआटा’ आढळतो. याची मादी फिकट पिवळसर असून उदरावर दोन तांबूस उभे पट्टे असतात. नर गडद व पांढऱ्या खुणांचा. दोघांच्याही डोळ्यांभोंवतीं तांबडे केस दिसतात. ‘फिंटेला व्हिटाटा’ हा जेमतेम ४ ते ५ मिलिमीटरांचा, पण अंगावर धातूसारखे चमकणारे निळसर आडवे पट्टे असलेला. पानावर एखादा मणि पडला आहे असें वाटतें.

सर्वांत मौजेचा म्हणजे ‘मिर्मप्लाटा प्लाटालिऑइडिस’. आंब्यासारख्या झाडांचीं पानें शिवून घरटीं करणाऱ्या तांबड्या मुंग्यांचें सोंग हा इतकें बेमालूम घेतो कीं पाय मोजल्यावांचून खात्री होत नाहीं. पुढील दोन पाय उचलून तो मुंगीच्या मिशांप्रमाणें हालवितो. नराचे जबडे पुढें इतके लांब वाढलेले असतात कीं एका मुंगीनें दुसरी मुंगी तोंडांत धरली आहे असा भास होतो.

आपल्या प्रांतांतील सर्व जाती नोंदून झाल्या आहेत असें मात्र समजूं नये. सन २०२१ मध्येंच ठाणे-कल्याण भागांतील एका नव्या जातीचें वर्णन प्रसिद्ध झालें. सन २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यांत दहशतवाद्यास जिवंत पकडतांना ज्यांनीं प्राण दिले, त्या साहाय्यक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ तिला ‘आयसियस तुकारामी’ हें नांव देण्यांत आलें. वस्तीलगतच्या भागांत अशी नवी जात मिळते, तर आपल्या बांधांवर काय असेल याचा विचार वाचकांनींच करावा.

छायाचित्राचा उपयोग.— पूर्वीं कोळी ओळखण्यास तो मारून मद्यार्कांत ठेवावा लागे. आजही जातीचा शेवटचा निर्णय नराच्या स्पर्शपादाची व मादीच्या उदराखालील जननावयवाची रचना सूक्ष्मदर्शकाखालीं पाहूनच होतो. तरीही चांगल्या छायाचित्रावरून कूळ निश्चित कळतें, बहुधा वंशही कळतो, व वर दिलेल्या ठळक खुणांच्या जाती तर पुष्कळदां जातीपर्यंत ओळखतां येतात. शेतकऱ्याच्या कामास एवढें पुरेसें आहे. शिवाय कोळी जिवंत राहून आपलें काम करीत राहतो. ऑस्ट्रेलियांत युर्गेन ऑटो यांनीं मोरासारखें नृत्य करणाऱ्या उड्या कोळ्यांचीं छायाचित्रें व चलच्चित्रें घेतलीं, व त्यांतून पुढें अनेक नव्या जातींचीं वर्णनें झालीं, हें उदाहरण प्रसिद्ध आहे.

साधनें.— सन २०२१ पासून ई-पीक पाहणीसाठीं शेतकरी मोबाईलनें पिकाचा फोटो काढूं लागला आहे. तेव्हां हें साधन नवें राहिलेलें नाहीं. तोच मोबाईल येथें उपयोगी पडतो. त्याच्या भिंगावर चिमट्यानें बसणारें लहान विशालक भिंग मिळतें. तें लावलें असतां कोळ्याच्या अगदीं जवळ जावें लागतें, व मोबाईल पुढेंमागें करून स्पष्टता साधावी लागते.

ज्यांच्याजवळ लेन्स बदलतां येणारा कॅमेरा आहे त्यांस तीन मार्ग आहेत. पहिला, खास मॅक्रो लेन्स. बहुतेक अशा लेन्सनें वस्तु जेवढी असते तेवढीच तिची प्रतिमा कॅमेऱ्यांतील पट्टीवर उमटते. दुसरा, साध्या लेन्सच्या मागें पोकळ नळ्या लावणें. तिसरा व सर्वांत स्वस्त म्हणजे जुनी ५० मिलिमीटरची लेन्स एका कड्याच्या साहाय्यानें उलटी बसविणें. यानेंही प्रतिमा जवळजवळ मूळ आकाराची मिळते.

स्पष्टतेची खोली.— येथेंच नवशिक्याची निराशा होते, म्हणून हिशेब देतों. मूळ आकाराची प्रतिमा घेतांना, मोठ्या पट्टीच्या कॅमेऱ्यांत लेन्सचें द्वार एफ ८ वर ठेवलें, तर स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली सुमारें १ मिलिमीटर असते. कोळी १० मिलिमीटर लांब असेल व आपण त्याचें चित्र समोरून घेतलें, तर चेहरा स्पष्ट येईल व उदर धूसर होईल. यास उपाय द्वार थोडें लहान, म्हणजे एफ ११ च्या आसपास, करणें हा आहे. परंतु द्वार फारच लहान केलें तर सर्वच चित्र मऊ पडतें. म्हणून समोरून घेतांना डोळे स्पष्ट यावेत एवढेंच पाहावें. पाठीची नक्षी हवी असेल तेव्हां कॅमेरा पाठीशीं समांतर धरावा, म्हणजे डोक्यापासून शेपटापर्यंत सर्व भाग एकाच पातळींत येतो. कोळी स्वस्थ बसला असेल तर कॅमेरा थोडाथोडा पुढें सरकवीत अनेक चित्रें घेऊन तीं संगणकावर एकत्र जोडतां येतात.

प्रकाश.— एवढ्या जवळून, लहान द्वारानें चित्र घेतांना उजेड अपुरा पडतो. फ्लॅश वापरावा, पण उघडा वापरूं नये. कोळ्याच्या डोळ्यांत व चकचकीत अंगावर पांढरे डाग पडून खुणा नाहींशा होतात. फ्लॅशपुढें ट्रेसिंग कागदाचा किंवा पातळ पांढऱ्या कापडाचा पडदा धरावा. फ्लॅशचा प्रकाश क्षणार्धापेक्षांही कमी काळ पडत असल्यानें हाताचा कंप व कोळ्याची हालचाल चित्रांत येत नाहीं. मोबाईलनें काढावयाचें तर सकाळचें कोंवळें ऊन व दुसऱ्या बाजूस पांढरा कागद एवढ्यानें भागतें.

वेळ व वागणूक.— हा कोळी दिवसा शिकार करणारा आहे. सकाळीं गारव्यांत तो मंद असतो, म्हणून ती वेळ उत्तम. आपली सावली त्यावर पडूं देऊं नये. हळूहळू जवळ जावें. तो वळून आपल्याकडे पाहील. तोच चित्र घेण्याचा क्षण होय. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीस आणावा. त्यास शीतपेटींत घालून बधिर करणें, पाय चिकटविणें असले प्रकार करूं नयेत. तो माणसास सहसा चावत नाहीं. पण चिमटींत धरण्याचेंही कारण नाहीं.

कोणतीं चित्रें व कोणती नोंद.— महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां आम्हांस एक गोष्ट पक्की कळली, ती ही कीं चतुःसीमा लिहिल्यावांचून जमिनीचें वर्णन पुरें होत नाहीं. कोळ्याचेंही तसेंच आहे. एका सुंदर चित्रापेक्षां चार साधीं चित्रें अधिक उपयोगाचीं :

१. समोरून— डोळ्यांची मांडणी, चेहऱ्यावरील केसांचा रंग व स्पर्शपाद.
२. वरून— शिरोवक्ष व उदर यांवरील नक्षी.
३. बाजूनें— अंग चपटें कीं उंच, व पायांची जाडी.
४. खालून— शक्य झाल्यास. कोळी कांचेवर चढला असतां हें सहज साधतें.

एका चित्रांत शेजारीं मिलिमीटरची पट्टी किंवा आलेखाचा कागद यावा. चित्राबरोबर पुढील नोंद वहींत करावी : तारीख व वेळ, गांव व गट क्रमांक, पीक व त्याचें वय, झाडाचा कोणता भाग, लांबी, तोंडांत शिकार असल्यास ती कोणती, आणि त्या शेतांत शेवटची फवारणी केव्हां व कशाची झाली. शेवटचा रकाना बहुतेक लोक गाळतात; शेतकऱ्यास तर तोच सर्वांत मोलाचा आहे.

नर कीं मादी हें स्पर्शपादावरून कळतें. पूर्ण वाढलेल्या नराच्या स्पर्शपादाचें टोंक मुठीसारखें फुगलेलें असतें. मादीचें सरळ असतें. लहान पिलें बहुधा मादीसारखीं दिसतात, व त्यांवरून जात ठरविण्याचा आग्रह धरूं नये. एकाच जातीचे नर व मादी पुष्कळदां इतके निराळे दिसतात कीं ते दोन जाती वाटतात. शंका असेल तेव्हां ‘वंश अमुक, जात अनिश्चित’ असें लिहावें. चुकीच्या नांवापेक्षां अपुरें नांव बरें; खोट्या नोंदीनें पुढील सर्व उतारे खोटे होतात.

मर्यादा.— कोळी हा सर्व रोगांवर उतारा आहे असें आमचें म्हणणें नाहीं. तो मित्र-कीटक व शत्रु-कीटक असा भेद करीत नाहीं. हाताशीं आलेली लहान मधमाशीही तो धरितो. बोंडाच्या आंत शिरलेल्या अळीपर्यंत त्याचा हात पोंचत नाहीं. किडीचा मोठा लोंढा आला तर केवळ कोळ्यांवर विसंबून राहणें शहाणपणाचें नाहीं. परंतु फवारणी दिनदर्शिका पाहून न करितां शेत पाहून करावी. कपाशीवर दर पानामागें २ ते ३ तुडतुडे ही मर्यादा कृषिशास्त्रज्ञ सांगतात. त्याखालीं संख्या असेल व पानांवर कोळी फिरतांना दिसत असतील, तर पंप खालीं ठेवून चार दिवसांनीं पुन्हां मोजणी करावी. फवारणें प्राप्तच झालें तर सर्व जीवांस मारणाऱ्या औषधांचें मिश्रण टाळून, त्या किडीपुरतें काम करणारें औषध कृषि विज्ञान केंद्राच्या सल्ल्यानें घ्यावें. बांधावरील गवत व झुडुपें सरसकट जाळूं नयेत. फवारणीच्या वेळीं कोळ्यांस आसरा तेथेंच मिळतो व तेथूनच ते शेतांत परत येतात.

आमची वाचकांस एवढीच सूचना आहे कीं येत्या खरिपांत प्रत्येकानें आपल्या शेताच्या एका कोपऱ्यांतील वीस झाडें ठरवावीं, आठवड्यांतून एकदां सकाळीं त्यांवरील कोळी व तुडतुडे मोजावे, दिसेल त्या उड्या कोळ्याचीं वर सांगितल्याप्रमाणें चित्रें घ्यावीं, व वहींत नोंद ठेवावी. यास एका सकाळीं अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागूं नये. हंगामाअखेर ती वही व फवारणीच्या खर्चाचा कागद शेजारीं ठेवून वाचावा. नांव न लागलेलीं चित्रें जवळच्या कृषि विज्ञान केंद्रास किंवा महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागास दाखवावीं. गांवांतील चारदोन शेतकऱ्यांनीं मिळून असें केलें तर कोणत्या पिकांत कोणता राखणदार केव्हां येतो, व कोणत्या फवाऱ्यानंतर तो नाहींसा होतो, हें त्या गांवापुरतें तरी लेखी नमूद होईल.